पर्वकाळ, नित्यकाळ आणि दुकानदाराचा धर्म

सणासुदीत विक्री कशी वाढवावी आणि सण सरल्यावर ती कशी टिकवावी, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा आहे, आणि त्याची उत्तरेही सामान्यतः सवलत, जाहिरात, उधारी आणि मालाची निवड यांच्या भाषेत दिली जातात. परंतु ज्या समाजात खरेदीचा दिवस पंचांग पाहून ठरतो आणि दिवाळीत नवी वही उघडण्यापूर्वी तिच्यावर हळदकुंकू वाहिले जाते, त्या समाजात हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. सण हा मुळात देव, पितर, अतिथी आणि शेजारी यांचे देणे फेडण्याचा काळ असेल, तर नेमक्या त्याच काळात इतरांचा पैसा अधिकाधिक प्रमाणात आपल्या गल्ल्यात यावा अशी योजना आखणे धर्माला धरून आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, असा तो प्रश्न आहे.

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे तालुक्याचे गाव या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरते, कारण तेथे तीर्थ आणि बाजारपेठ एकमेकांना लागून वाढलेली आहेत. संत जनाबाईंचे हे जन्मगाव. गोदावरीच्या घाटावर स्नानासाठी, अस्थिविसर्जनासाठी आणि उत्तरक्रियेसाठी दूरदूरच्या गावांतून लोक येतात, आणि शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला जाताना परभणीहून याच गावावरून परळीकडे जाते. दुसऱ्या बाजूला येथील मोंढा, कापडाची, किराण्याची व भांड्यांची दुकाने आणि आठवडी बाजार हे सर्व खरिपाच्या पिकावर उभे आहे. सोयाबीन साधारणपणे दसऱ्याच्या मागेपुढे हाती येते, कापसाची वेचणी त्यानंतर सुरू होते, आणि त्या पैशावर दिवाळीचा बाजार फुलतो. पण याच सुमारास गंगाखेड आणि आसपासच्या तालुक्यांतील डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांड्यांवरून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर बाजाराचे गिऱ्हाईकही जाते. दिवाळीनंतर पेठेत जी सामसूम जाणवते तिचे एक मोठे कारण हे स्थलांतर आहे. लोकांचा उत्साह ओसरला एवढेच सांगून त्या सामसुमीचा उलगडा होत नाही.

पर्व आणि पेठ यांचे हे नाते किती नाजूक आहे ते 2025च्या सप्टेंबरात दिसून आले. त्या महिन्याच्या 22 तारखेला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे कमी केलेले दर देशभर लागू झाले आणि अनेक वस्तू स्वस्त झाल्या. परंतु त्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. किंमत उतरली तरी घेणाऱ्याची ऐपतही त्याच आठवड्यांत वाहून गेली असेल, तर विक्रीचा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही, आणि ज्याच्या हातात पैसा नाही त्याला सणाच्या नावाने खरेदीस प्रवृत्त करावे काय, हा नीतीचा प्रश्न दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी पूर्वमीमांसेतील, म्हणजे वैदिक कर्मांच्या अर्थाची व कर्तव्यतेची चिकित्सा करणाऱ्या दर्शनातील, एक जुना भेद उपयोगी पडतो. मीमांसकांनी कर्माचे तीन प्रकार मानले आहेत. संध्येसारखे जे कर्म रोज करावयाचे असते, जे टाळल्यास दोष लागतो, ते नित्य होय, आणि न केल्याने लागणाऱ्या त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. ग्रहण किंवा पुत्रजन्म असे काही निमित्त घडले असता जे करावयाचे ते नैमित्तिक, आणि पाऊस पडावा म्हणून सांगितलेल्या कारीरी इष्टीप्रमाणे विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाणारे ते काम्य. या तिन्हींच्या आचरणाविषयी मीमांसकांनी ठेवलेला फरक अत्यंत मार्मिक आहे: नित्य कर्म यथाशक्ति, म्हणजे ज्याला जितके झेपेल तितके, केले तरी चालते, काही अंग उणे राहिले तरी ते वाया जात नाही, परंतु काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण केले तरच फळ देते, आणि ज्याच्याकडे त्याची सर्व साधने नाहीत त्याचा त्या कर्माला अधिकारच नाही.

मीमांसकांनी हा विचार यज्ञासाठी केला होता, हे खरे. तरीही तो व्यापाराला लावून पाहिला असता बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. खरे माप, खरा माल, आलेल्या माणसाशी सरळ बोलणे आणि घेतलेल्या पैशाचा चोख हिशेब हे दुकानदाराचे नित्य कर्म आहे, कारण त्याचे वेगळे बक्षीस कोणी देत नाही, पण ते चुकले तर दोष निश्चित लागतो. सणाच्या निमित्ताने दुकान सजवणे, गड्याला बोनस व नवे कपडे देणे, जुन्या गिऱ्हाइकाला फराळाला बोलावणे, पुजाऱ्यापासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत ज्याचे त्याचे पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, देणे हे नैमित्तिक होय. विक्री वाढावी, या इच्छेने केलेली सवलत, सोडत, जाहिरात, उधार माल भरणे ही सर्व काम्य कर्मे आहेत. काम्य कर्म निषिद्ध नाही, आणि लाभाची इच्छा धरणाऱ्या व्यापाऱ्याला पापी ठरवण्याचे काहीच कारण नाही. परंतु काम्याला सर्व साधने लागतात, हा नियम गंगाखेडसारख्या गावातील लहान दुकानदाराने गंभीरपणे घेण्याजोगा आहे. मोबाइलवरून माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्या नवरात्रापासून ज्या सवलती जाहीर करतात त्यांच्यामागे भांडवल, गोदामे आणि तोटा सोसण्याची ताकद असते. ती अंगे नसताना त्याच स्पर्धेत उतरणारा, व्याजाने पैसा काढून दिवाळीचा माल भरणारा आणि उरलेला माल पौषात मिळेल त्या भावाने काढणारा दुकानदार अपूर्ण साधनांनी काम्य कर्म करतो, आणि त्याचे फळ त्याला मिळत नाही यात आश्चर्य नाही. त्याच्या हातचे, त्याच्या शक्तीत बसणारे आणि कोणत्याही मोठ्या कंपनीला हिरावून घेता न येणारे जे आहे ते नित्य कर्म होय.

नफ्याविषयी धर्मशास्त्राचे मौन आहे असा एक समज आढळतो; तो चुकीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही स्वदेशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 इतका नफा योग्य म्हणून सांगितला आहे. याज्ञवल्क्याचा हा नियम ताबडतोब खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आहे, आणि माल अधिक काळ ठेवून विकणाऱ्याचा नफा त्या काळाच्या प्रमाणात अधिक धरावा, असे त्यावरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने स्पष्ट केले आहे. ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली गेली, आणि ती राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. त्यामुळे या प्रदेशातील व्यापारनीतीचा विचार बाहेरून आणलेला मानण्याचे कारण नाही. आजच्या बाजारात शेकडा 5 हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही, कारण दुकानभाडे, वीज, वाहतूक आणि कर यांचा भार त्या काळी वेगळा होता. त्यामागचे तत्त्व मात्र टिकणारे आहे: नफा हा व्यापाऱ्याच्या श्रमाचा, जोखमीचा आणि थांबलेल्या काळाचा मोबदला आहे, घेणाऱ्याच्या अडचणीचा मोबदला नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी झेंडूची फुले दुप्पट-तिप्पट भावाने विकणाऱ्याचा नफा या कसोटीवर तपासला, तर त्यातील काही भाग नाशवंत मालाच्या जोखमीचा म्हणून रास्त ठरतो आणि उरलेला भाग गिऱ्हाइकाच्या घाईचा असतो. याज्ञवल्क्य आणखी पुढे जातो. औषध, तेल-तूप, मीठ, सुगंधी द्रव्ये, धान्य आणि गूळ यांत भेसळ करणाऱ्याला तो दंड सांगतो, आणि कारागिरांना जाच होईल असे भाव आपसांत संगनमताने ठरवणाऱ्या व्यापाऱ्यांना अधिक मोठा दंड सांगतो.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांचा जो संवाद आहे तो या विषयाचा तात्त्विक गाभा मानावा लागतो. जाजली या तपस्व्याने इतके निश्चल तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटेत घरटे बांधले, आणि आपल्याला धर्म साधला असा त्याला अभिमान वाटू लागला. तेव्हा वाराणसीतील तुलाधार नावाच्या वाण्याची सर तुला येणार नाही, अशी वाणी त्याला ऐकू आली. लाकूड, लाख, सुगंधी द्रव्ये आणि मद्य सोडून इतर रस विकणाऱ्या त्या दुकानदाराकडे जाजली गेला, आणि तपस्व्याला धर्म शिकवण्याचे काम वाण्याने केले. कोणत्याही प्राण्याचा द्रोह न होता, किंवा निरुपाय असल्यास अगदी अल्प द्रोहाने, जी उपजीविका चालते तोच श्रेष्ठ धर्म, आणि आपला तराजू सर्वांसाठी सारखा आहे, असे त्याच्या सांगण्याचे सार आहे. येथे दुकान सोडून मोक्ष शोधायला तुलाधार कोठेही जात नाही. दुकान हेच त्याच्या समत्वाचे, म्हणजे आपले-परके, श्रीमंत-गरीब यांच्याविषयी सारखी दृष्टी ठेवण्याचे, साधन आहे. सणाच्या गर्दीत या समत्वाची खरी परीक्षा होते, कारण मोठ्या गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला गादीवर बसवून चहा पाजायचा आणि तांड्यावरून आलेल्या बाईला तासभर उभे ठेवायचे, हा भेद तराजूच्या काट्यात दिसत नसला तरी तुलाधाराच्या अर्थाने ते माप खोटेच आहे.

मराठवाड्याच्या पेठांत ज्या इतर परंपरांचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवीत आले, त्यांचे धर्मग्रंथही याच मुद्द्यावर एकवटतात. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे डाग, सांगितले आहेत त्यांत चोरीचा माल घेणे, कमीअधिक मापे वापरणे आणि अस्सलाच्या जागी बनावट माल देणे यांचा समावेश होतो. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही जोडी सांगितली. कायक म्हणजे देहाने केलेले प्रामाणिक काम हीच पूजा, आणि दासोह म्हणजे त्या कामाचे फळ समाजात वाटून घेणे. कुराणाच्या 83व्या अध्यायाला मापात फसवणाऱ्यांवरूनच नाव मिळाले आहे, आणि 62व्या अध्यायात शुक्रवारच्या नमाजेची हाक येताच खरेदी-विक्री थांबवण्याची व नमाज संपल्यावर पुन्हा जगात पांगून ईश्वरी कृपेचा शोध घेण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात पूजेचा काळ आणि बाजाराचा काळ यांची सांगड फार सुंदर घातलेली आहे.

आता सण सरल्यानंतरच्या काळाचा विचार. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत वर्षभराचा धंदा उरकावा, ही कल्पना धार्मिक पंचांगातून आलेली नाही. पंचांगाची रचना पाहिली तर ती नेमकी उलटी आहे. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला कासरे, वेसणी, गोंडे आणि झुली लागतात व मातीचे बैल लागतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि साज लागतो. घटस्थापनेला घट, लक्ष्मीपूजनाला पणत्या, बोळकी, साळीच्या लाह्या, बत्तासे आणि नवी केरसुणी, तुळशीच्या लग्नाला ऊस, बोरे, चिंचा, आवळे आणि बांगड्या, मार्गशीर्षातील गुरुवारांना फळे-फुले, वेळ अमावास्येला आंबिलाचे मडके, संक्रांतीला सुगडी, तीळ, गूळ आणि वाणाच्या वस्तू, अक्षय तृतीयेला उदककुंभाच्या दानासाठी घागर. कुंभार, कासार, माळी, शिंपी, सुतार, मातंग, बुरूड अशा प्रत्येक कारागिराच्या हाताला वर्षातून आळीपाळीने काम मिळावे अशी ही मांडणी आहे. कोणी बसून ती योजली असेल असे नाही, पण शतकानुशतके विधी आणि व्यवसाय एकमेकांत मुरत जाऊन ती घडली. ज्या केरसुणीला घरातली लक्ष्मी मानून हळदकुंकू लावायचे ती शिंदीच्या पानांतून वळणारे हात बहुधा मातंग समाजातील असतात, आणि ज्या समाजाने त्या हातांना गावकुसाबाहेर ठेवले त्याच समाजाने त्यांच्या वस्तूला देवघरात जागा दिली, हा विरोध हिंदू धर्माचरणाला लागलेला गंभीर दोष आहे, आणि तो केवळ पूजेने फिटत नाही. धनत्रयोदशीचे उदाहरण याहून निराळे आहे: धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत, म्हणजे व्रते, तिथी आणि विधी यांचे निर्णय एकत्र करणाऱ्या ग्रंथांत, त्या संध्याकाळच्या यमदीपदानाचे विधान आहे, पण सोने किंवा वाहन घेतलेच पाहिजे हा आग्रह अलीकडच्या बाजाराने वाढवलेला आहे. जो विधी मातीची पणती मागतो तो कुंभाराचे पोट भरतो, आणि जी जाहिरात सोने मागते ती अनेक घरांना कर्जात ढकलते. धर्माच्या नावाने दोन्ही चालत असले तरी दोन्हींचे धर्ममूल्य एक नाही.

या पंचांगाकडे परत वळणे हा लहान दुकानदारासाठी व्यवहाराचाही शहाणपणा आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि तिला लागणारे कापड, भांडी, आहेर, रुखवताचे सामान यांची गरज दिवाळीच्या सजावटीसारखी चार दिवसांत संपत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे फाल्गुन-चैत्रात परततात, तेव्हा त्यांच्या घरची लग्ने, घरदुरुस्ती आणि मुलांचे कपडे हे सर्व एकदम निघते. त्या वेळी त्यांना लागणारा माल रास्त भावात भरून ठेवणारा दुकानदार मंदीच्या तक्रारीतून बराचसा सुटतो. या कुटुंबांशी होणाऱ्या सणाच्या व्यवहारात एक अवघड नैतिक पेच आहे, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. निघण्यापूर्वी ती मुकादमाकडून उचल घेतात, म्हणजे येणाऱ्या हंगामातील तोडणीची मजुरी आगाऊ उचलतात, आणि त्यातील काही भाग दसरा-दिवाळीच्या बाजारात खर्च होतो. हा पैसा अजून न केलेल्या श्रमाचा आहे. त्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक अनावश्यक वस्तूची किंमत थंडीत पाचटावर झोपून आणि पहाटे कोयता उचलून फेडावी लागते. अशा गिऱ्हाइकाला हप्त्यावर मोठी वस्तू घ्यायला लावणारी विक्री कायद्याने निर्दोष असली तरी अल्प द्रोहाच्या तुलाधारी कसोटीला ती उतरत नाही. घेणारा राजीखुशीने घेतो, मग विकणाऱ्याने का थांबावे, असा आक्षेप यावर घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे, कारण गरिबाने सण साजराच करू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण लेकराला नवा सदरा देणे आणि त्याच्या बापाला न झेपणारे कर्ज देणे यांतील फरक दुकानदाराला पक्का कळतो, कारण वही त्याच्याच हातात असते.

उधारी ही मराठवाड्याच्या पेठेत टाळता न येणारी गोष्ट आहे. सुगीवर देतो, या शब्दावर येथे पिढ्या जगल्या आहेत. तिला धर्म्य रूप द्यायचे असेल तर ती उघड, लेखी आणि बिनव्याजी किंवा आधी सांगितलेल्या दराची असली पाहिजे, आणि पीक बुडाल्यास मुदत वाढवण्याची तयारी तिच्यात असली पाहिजे. तुकारामांच्या घरी महाजनकी होती, आणि दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली अशी परंपरा सांगते; प्रत्येक दुकानदाराने खते बुडवावीत असा तिचा अर्थ घेता येत नाही, कारण लहान दुकानदार स्वतःही ठोक व्यापाऱ्याचा ऋणको असतो. तरीही चांगल्या व्यवहाराने धन जोडावे आणि आसक्ती न ठेवता ते खर्चावे, ही जी शिकवण त्यांनी दिली ती धनाचा निषेध करणारी नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

पर्वकाळ श्रेष्ठ आणि साधा दिवस रिकामा, ही जी धारणा सणानंतरच्या उदासीनतेच्या मुळाशी आहे, तिला गंगाखेडच्याच संताने पूर्वी उत्तर दिलेले आहे. जनाबाई पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या, शिंप्याच्या घरी दासी म्हणून राहिल्या, आणि त्यांच्या अभंगांतील विठ्ठल दळण, कांडण, झाडलोट, पाणी आणणे, शेण्या वेचणे या रोजच्या कामांत त्यांच्या शेजारी येऊन बसतो. त्या विठ्ठलाला भेटण्यासाठी एकादशीची वाट पाहावी लागत नाही. भक्तीच्या इतिहासातील ही मोठी क्रांती आहे, कारण तिने देवाचा काळ नैमित्तिकातून काढून नित्यात आणला आणि तोही घरातील सर्वांत खालच्या मानलेल्या कामात. ज्याच्या गावात ही परंपरा जन्मली त्या दुकानदाराने पौषातल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी आलेल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाला, सुई-दोरा घेणाऱ्या म्हातारीलाही, लक्ष्मीपूजनाच्या गर्दीतल्या गिऱ्हाइकाइतकेच मन लावून माल दाखवला, घेतलेल्या कापडाचा ब्लाउज बसला नाही तर तो उसवून दिला, मोडलेल्या वस्तूच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतली, तर तो विक्री तर टिकवतोच, पण त्याहीपेक्षा नित्य कर्म करीत असतो. माणसे अशा दुकानात पुन्हा येतात. मात्र ती यावीत एवढ्यासाठीच सचोटी पाळली तर ती पुन्हा काम्य होते, आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती नाही तेथे ती सुटते. म्हणून सचोटीला विक्रीची युक्ती म्हणून शिकवणे तात्त्विक दृष्ट्या कच्चे आहे, जरी तिचा परिणाम विक्रीवर होत असला तरी.

घेणाऱ्यावरही या विचाराची तितकीच जबाबदारी येते. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारा मनुष्य घाटाच्या वाटेवर पणत्या विकणाऱ्या कुंभारणीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेव्हा समत्वाचा भंग त्याच्याकडूनच होतो. गंगाखेडच्या, आणि प्रत्येक गावच्या, वाचकांनी येत्या लक्ष्मीपूजनाला केरसुणी, पणत्या आणि बोळकी ती घडवणाऱ्या माणसाकडूनच घ्यावीत, त्याने सांगितलेल्या भावाने घ्यावीत, आणि संक्रांतीच्या सुगड्यांसाठीही त्याच्याकडेच जावे.